चार बाटल्या, आठ माणसं आणि एक पिकदाणी

काही वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या एका वायनरीत टेस्टिंगला गेलो होतो. माहिती सांगणारा तरुण व्हाइट वाइनचा ग्लास उजेडात धरून गूसबेरी, पॅशनफ्रूट अशी नावं घेत होता आणि आम्ही सगळे माना डोलवत होतो. शेजारी निफाडकडचे एक काका उभे होते, आयुष्यभर द्राक्षं पिकवलेले. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मला तर ढोबळी मिरचीचा वास येतोय. पण बोललो तर हसतील लोकं."

काकांचं अगदी बरोबर होतं. ग्लासात सॉव्हिन्यॉ ब्लाँ होती. ढोबळी मिरचीला तिचा वास ज्या गटातल्या द्रव्यांमुळे येतो, त्याच गटातली द्रव्यं या द्राक्षातही असतात. चूक एवढीच, की काका गप्प राहिले.

वाइन चाखायला वेगळी जीभ लागत नाही. उलट आपली जीभ या कामाला जरा जास्तच तयार आहे, कारण गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट हे सहा रस आपण लहानपणापासून वेगवेगळे ओळखतो. रेड वाइन समजायची तर त्यातला तुरट फार महत्त्वाचा. तो आपल्याला आवळ्याने, जांभळाने आणि आजोबांच्या पानाच्या डब्यातल्या सुपारीने कधीच शिकवलेला असतो. तेव्हा खालची कृती घरी करून बघा. एक संध्याकाळ पुरते.

साहित्य

आठ जणांना चार बाटल्या: एक सॉव्हिन्यॉ ब्लाँ, एक चेनिन ब्लाँ, एक सांजोव्हेजे आणि एक शिराझ. (फ्रेंच माणूस 'शेनँ' म्हणतो. दुकानात चेनिनच म्हणा, नाहीतर दुकानदार दुसरंच काहीतरी काढून देईल.) चारही आपल्या राज्यात पिकतात. कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकला सॉव्हिन्यॉ आणि चेनिन लावली आणि २००० साली त्यांच्या 'सुला' वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. सांजोव्हेजे मूळची इटलीतल्या टस्कनीची. ती आता सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला 'फ्रातेल्ली' वायनरीच्या बागांत रुळली आहे. चेनिन घेताना 'ऑफ-ड्राय', म्हणजे किंचित गोडसर असलेली मागा. पुढे अळूवडी येणार आहे, तेव्हा तिचा उपयोग कळेल.

बाटलीवरचं साल वाचा. युरोपात द्राक्षतोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरात होते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी बहाराची छाटणी, त्यामुळे वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ताजी व्हाइट दुकानात मिळू शकते. या दोन व्हाइटसाठी जितकं अलीकडचं साल तितकं बरं. 'जुनी ती चांगली' हा हिशेब इथे लावू नका. आणि दुकानाच्या काचेत, उन्हात मांडलेली बाटली कधीच उचलू नका. मे महिन्याच्या उन्हात आतली वाइन अक्षरशः शिजते. दुकानदाराला आतल्या खोक्यातली काढायला सांगा. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो.

बाकी सामान घरातलंच. माणशी दोन ग्लास. ते वाइनचेच हवेत असं नाही, पण पातळ काचेचे आणि तोंडाशी निमुळते हवेत. स्टीलचा पेला नको, त्यात रंग दिसत नाही. पांढरे कागद, पेन्सिली, प्यायचं पाणी, तूप न लावलेल्या साध्या पोळ्या आणि पिकदाणी. माळ्यावर जुनं पितळी तस्त पडलं असेल तर ते घासून काढा. नसेल तर स्टीलची बरणी चालेल.

पिकदाणीवरून सगळे आधी नाकं मुरडतात, म्हणून हिशेब मांडून दाखवावा लागतो. चार बाटल्या म्हणजे तीन लिटर. आठ जणांत वाटले तर माणशी ३७५ मिलिलिटर, म्हणजे अर्धी बाटली. सगळी गिळली तर तिसऱ्या वाइनपाशीच जीभ बोथट होते आणि चौथीबद्दल सगळेच "मस्त आहे" म्हणतात. पहिल्या फेरीत प्रत्येक वाइनचे ५० मिलिलिटर ओतायचे, चाखायचे आणि थुंकायचे. म्हणजे दर बाटलीत ३५० मिलिलिटर जेवणासाठी उरते. धंद्यातली माणसं दिवसाला कित्येक वाइन चाखतात ती थुंकूनच. आणि थुंकलं तरी थोडा अंमल चढतोच, म्हणून घरी परतताना गाडी कुणी चालवायची ते आधी ठरवा.

पूर्वतयारी

खोलीतून वास हद्दपार करा. उदबत्ती नको, अत्तर नको, मोगऱ्याचा गजरा तर अजिबात नको. तो माळून आलेल्या पाहुणीला विनंती करून तो फ्रिजमध्ये ठेवायला लावा. फोडण्या दुपारीच उरकून खिडक्या उघडा. पान, बडीशेप, टूथपेस्ट यांच्यानंतर निदान तासभर जाऊ द्या.

आता तापमान. घरी वाइन बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी असं सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. ती खोली युरोपातल्या जुन्या दगडी घराची, १६ ते १८ अंशांची. आपल्या खोलीत एप्रिलात ३२ अंश सहज असतात. त्या उष्णतेला रेड वाइनमधलं अल्कोहोल नाकात झोंबतं, फळांचा वास मागे पडतो आणि पिणाऱ्याला वाटतं, वाइन म्हणजे काहीतरी जळजळीत औषध. म्हणून रेडसुद्धा अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट दोन-तीन तास ठेवा, पण ती बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबा. फार गार वाइनला वासच येत नाही. कुल्फी थोडी सुटल्यावर जास्त गोड लागते तसंच हे. साधारण ८ ते १० अंश पुरेत. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली खोचून ठेवण्यापेक्षा हे पाणी-मीठ कितीतरी लवकर गार करतं.

शेवटची तयारी म्हणजे वासाच्या वाट्या. हा भाग टाळू नका, सगळी मजा यातच आहे. छोट्या वाट्यांत एकेक जिन्नस ठेवा: पेरूची फोड, ढोबळी मिरचीचा तुकडा, लिंबाची साल, अननस, रेडसाठी भरडलेली काळी मिरी, लवंग, भिजवलेलं काळं मनुकं, आणि मे-जून असेल तर जांभूळ किंवा करवंद. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात ॲन नोबल यांनी १९८४ साली वाइनच्या वासांचं एक चक्र मांडलं. 'उमदी', 'नखरेल' असली मोघम विशेषणं टाकून वासाला खऱ्या वस्तूचं नाव द्यावं, हा त्यांचा आग्रह होता. आपण तेच करतोय, फक्त आपल्या मंडईतून.

चाखण्याची कृती

आधी दोन व्हाइट, मग दोन रेड. व्हाइटमध्ये कोरडी, म्हणजे गोडी नसलेली सॉव्हिन्यॉ पहिली, गोडसर चेनिन नंतर. रेडमध्ये हलकी सांजोव्हेजे आधी. एका वेळी दोन ग्लास शेजारी असू द्या. एकटी वाइन काही बोलत नाही. दोन शेजारी ठेवल्या की फरक लगेच समजतो.

बघणं दोन मिनिटांत उरका. ग्लास तिरका करून मागे पांढरा कागद धरा. व्हाइटमध्ये हिरवट छटा दिसली तर ती कोवळी, सोनेरी दिसली तर वय झालेली किंवा लाकडी पिंपात राहिलेली. रेडच्या कडेला जांभळा रंग असेल तर तरुण, विटकरी असेल तर मुरलेली. रंग येतो सालीतून. काळ्या द्राक्षाची साल काढून बघा, बहुतेक जातींत आतला गर पांढरटच असतो. रेडचा रस साली-बियांसकट आंबवतात, म्हणून तिला रंग आणि तुरटपणा दोन्ही मिळतात. ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या थेंबांकडे बघून काही जण "काय क्वालिटी आहे" म्हणतात. त्या ओघळांचा संबंध मुख्यतः अल्कोहोलशी असतो, दर्जाशी नाही.

डोळ्यांवर फार विसंबूही नये. फ्रान्समध्ये बोर्दोला ५४ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. व्हाइट वाइनमध्ये वासहीन लाल रंग मिसळून ती त्यांच्यापुढे ठेवली, तर त्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. ही मुलं वाइनचंच शास्त्र शिकणारी होती. तुमच्याकडे एखादे स्वयंघोषित जाणकार येणार असतील तर बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून ठेवा.

आता नाक. ग्लास न हलवता एकदा हुंगा. मग देठाला धरून ग्लास टेबलावर टेकवून गोल फिरवा, वाइन काचेवर चढली की लगेच नाक आत घाला. छोटे-छोटे हुंगे घ्या; लांब श्वास ओढलात तर नाक दमतं. वास ओळखू आला नाही तर वाट्यांकडे जा: पेरू हुंगा, परत ग्लास, मिरची हुंगा, परत ग्लास. तिसऱ्या-चौथ्या वाटीला कुणीतरी "अरे, हेच!" म्हणून ओरडतं. शिराझच्या वेळी मिरीची वाटी फिरवा. काळ्या मिरीला तिचा वास देणारं रोटंडोन नावाचं द्रव्यच शिराझमध्ये असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शोधून काढलं आहे. तेव्हा 'मिऱ्याचा वास' ही उपमा नाही, वस्तुस्थिती आहे.

कागदावर मनात आलेला शब्द लिहा, मोठ्याने बोलू नका. एकाने "लिची" म्हटलं की बाकी सात जणांना लिचीच येते. 'पावसाळ्यात उघडलेली ट्रंक' असं कुणी लिहिलं तरी चालेल. ओलं गोणपाट किंवा भिजलेला पुठ्ठा असा वास आला आणि बाटलीला खरं बूच असेल, तर तो बुचाचा दोष असू शकतो. व्हिनेगरचा भपकारा आला तर ती बाटली स्वयंपाकघरात पाठवा.

मग घोट. पोह्यांच्या एका चमच्याएवढी वाइन तोंडात घ्या, गिळू नका. चूळ भरताना पाणी फिरवतो तशी ती जिभेच्या कडांना, हिरड्यांना, टाळूला लावा. मग ओठांचा चंबू करून थोडी हवा आत ओढा, अगदी बशीतला चहा भुरकल्यासारखी. आवाज होतो, होऊ द्या. या भुरक्याने वाइनचा वास घशामागून नाकात चढतो. चव म्हणून आपण जे काही म्हणतो त्यातलं बरंचसं तिथे ठरतं. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. फक्त आंबट-तुरट पाणी लागेल. चिमूट सोडा, फळ परत येतं.

थुंकलात की लगेच रसांचा हिशेब मांडा. जिभेवर गोडी आहे का? गालांच्या आतून पाणी सुटतंय का, सुटत असेल तर आंबटपणा चांगला आहे. हिरड्या कोरड्या पडून जीभ खरखरीत झाली, कच्चं केळं चावल्यासारखी, तर तो तुरट, म्हणजे टॅनिन. लाळेतल्या प्रथिनांना ते धरतं आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. घशात ऊब जाणवली तर ते अल्कोहोल. आणि अंगाने वाइन कशी आहे, पाण्यासारखी, ताकासारखी की सायीच्या दुधासारखी? इंग्रजीत याला 'बॉडी' म्हणतात, पण ताक आणि दूध म्हटलं की आजीलाही कळतं. शेवटी मनात आकडे मोजा: चव किती वेळ टिकली? दोन-तीन आकड्यांत विरली तर साधी, दहापर्यंत रेंगाळली तर उत्तम.

(आयुर्वेदाच्या पुस्तकांतून शब्द उचलणार असाल तर जपून. तिथे 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. एका पाहुण्याने शिराझला 'कटु' लिहिलं आणि अर्धा तास त्यावरच वाद झाला.)

दर दोन वाइनच्या मध्ये पोळीचा कोरडा तुकडा आणि पाणी.

ताटाआधीची चाचणी

थेट जेवणाकडे जाऊ नका. प्रत्येकाला एक ताटली द्या: लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, गुळाचा खडा, लोण्याचा गोळा, आणि भाताच्या एका शितावर मावेल एवढा ठेचा. एक घोट वाइन, एक जिन्नस, परत घोट. सॉव्हिन्यॉ आणि शिराझ या दोन वाइन या चाचणीला पुरतात.

लिंबू आणि मीठ चाटून सॉव्हिन्यॉ प्या, ती एकदम मऊ आणि फळाळ लागेल. गूळ खाऊन प्या, तीच वाइन आंबट आणि पोकळ होईल. पदार्थ वाइनपेक्षा गोड असता कामा नये, हा नियम पाठ करण्यापेक्षा असा तोंडाने कळलेला बरा. लोणी खाऊन शिराझ घेतली की तिची धार बोथट होते. चीज किंवा मटणाबरोबर रेड का खपते याचं उत्तर इथेच आहे. आणि ठेचा खाऊन शिराझ घेतलीत तर दोघं मिळून तोंड पेटवतात. तिखटाने जीभ आधीच पोळलेली, त्यावर १३-१४ टक्के अल्कोहोल आणि वर तुरटपणा. अशा वेळी गार, गोडसर चेनिनचा घोट घ्या, आग बऱ्यापैकी शांत होते.

म्हणून माझं मत असं, की 'मासे-कोंबडीला व्हाइट, मटणाला रेड' हे सूत्र आपल्या स्वयंपाकाला फारसं उपयोगी नाही. आपल्याकडे विचारायचं ते हे: तिखट किती, गूळ किती, चिंच-आमसूल किती? मांस कुठलं हा प्रश्न त्यानंतरचा.

जोड्या लावणे

आपलं ताट हीच वाइनची खरी अडचण आहे. डावीकडे लोणचं, उजवीकडे गोडसर आमटी, मध्ये भाजी, आणि प्रत्येक घासाला वेगळा रस. एक बाटली या सगळ्यांना पुरी पडत नाही. या एका संध्याकाळी ताट न वाढता एकेक पदार्थ आणा.

सॉव्हिन्यॉबरोबर कोथिंबीर वडी. हिरव्या वासाला हिरवा वास आणि तळणीला आंबटाची धार. रव्यात घोळवून तळलेली सुरमई लिंबू पिळून दिलीत तर तीही झकास जमते.

चेनिनबरोबर अळूवडी. चिंच-गुळाने भल्याभल्या कोरड्या वाइन उताण्या पडतात, पण चेनिनमध्ये गोडी आणि आंबटपणा दोन्ही असतात, त्यामुळे ती वडीपाशी बरोबरीने उभी राहते. या चारांत मला सगळ्यात आवडणारी जोडी हीच. उपासाचा साबुदाणा वडाही चेनिनला चालतो, पण उपासाच्या दिवशी नको.

सांजोव्हेजेला भरली वांगी द्या, दाण्याचं कूट सढळ आणि तिखट निम्मं. ही रेड असूनही आंबट अंगाची आहे, कुटाचा तेलकटपणा ती छान कापते. शाकाहारी घरात रेड कशाबरोबर द्यायची हा प्रश्न वांग्याने सुटतो. विस्तवावर भाजलेल्या भरताचा धूरही तिला मानवतो.

शिराझला सुकं मटण. काळा मसाला, मिरी, भाजलेलं खोबरं, आणि लाल तिखट फक्त रंगापुरतं. मात्र हाच शिराझचा ग्लास बांगड्याबरोबर घेऊन बघा एकदा, तोंडात गंजलेला, माशांचा वास भरतो. जपानी संशोधकांनी २००९ साली याचं कारण वाइनमधल्या लोहात शोधलं. लोह जास्त असेल तर माशाची हिवस चव उसळून येते.

न जमणाऱ्या जोड्यांत मिसळ, तांबडा रस्सा आणि कुठलंही लोणचं. त्यांना ताक आहे, सोलकढी आहे, त्यांचा संसार सुखाचा चाललाय. गोव्याच्या विंदालूचं मात्र नातं जुनं: नावाच्या मुळाशी पोर्तुगीजांची वाइन आणि लसूण आहेत. तरी व्हिनेगर आणि मिरचीमुळे कोरडी रेड त्याच्यापुढे टिकत नाही, चेनिनच काढा. पुरणपोळीपुढे या चारही बाटल्या हरतात. नाशिकला उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड 'लेट हार्वेस्ट' चेनिन करतात, ती श्रीखंडाबरोबर थेंब-थेंब घ्या. आमरसाबरोबर काहीही नको.

आवराआवर

उरलेल्या बाटल्यांची झाकणं घट्ट लावून रेडसकट सगळ्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. व्हाइट दोन-तीन दिवस, रेड तीन-चार दिवस बरी राहते. पिकदाणी रात्रीच रिकामी करून धुवा, नाहीतर सकाळी स्वयंपाकघरात चिलटंच चिलटं. ग्लास मात्र सकाळपर्यंत तसेच राहू द्या. चहा ठेवण्याआधी शिराझचा वाळलेला ग्लास हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, आणि रात्री ज्यांना काहीच वास आला नव्हता त्यांनासुद्धा तळाशी मिरी आणि जांभूळ सापडतं. मग गरम पाण्याने, साबण न लावता धुऊन फडक्यावर उपडे घाला.